शुद्ध म्हणजे किती?



गेल्या महिन्यात आमच्या घरी एका शब्दावरून दोन दिवस अबोला होता. शब्द साधाच होता, 'शुद्ध'. नात आठवीत शिकते. विज्ञानाच्या बाईंनी गृहपाठ दिला होता : स्वयंपाकघरातील दहा वस्तू घ्या आणि 'शुद्ध पदार्थ' व 'मिश्रण' अशा दोन रकान्यांत त्यांची विभागणी करा. नातीने पुस्तकातील व्याख्या पुन्हा एकदा वाचली आणि पहिल्याच ओळीत लिहिले, 'तूप : मिश्रण'. त्याच वेळी तिची आजी ओट्यापाशी तूप कढवत उभी होती. तिने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "चाळीस वर्षं या घरात साजूक तूप मी माझ्या हातानं कढवते आहे. त्यात कसलं गं मिश्रण?" नात म्हणाली, "आजी, पुस्तकात तसंच आहे." झाले. पुस्तक एका बाजूला, चाळीस वर्षे दुसऱ्या बाजूला, आणि मध्यस्थीला मी!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेनंतर सुटला. परंतु बँकेतील नोकरीचा बराच काळ भिवंडीत गेला आणि त्यातील काही वर्षे सोनेतारण कर्जाचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे 'शुद्ध' या शब्दाशी माझा व्यवहार रोजचा होता, आणि त्याच शब्दाने माझ्या हातून एक चूक घडवली. ती पुढे सांगेन. आधी नातीच्या पुस्तकाकडे वळतो.

रसायनशास्त्रात ज्या पदार्थाचे संघटन सर्वत्र सारखे आणि ठरलेले असते, त्यालाच शुद्ध पदार्थ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एक मूलद्रव्य, म्हणजे सोने, तांबे, गंधक यांसारखा एकाच जातीच्या अणूंचा पदार्थ. आणि दुसरा संयुग, म्हणजे पाणी किंवा मीठ यांसारखा, दोन वा अधिक मूलद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात जोडली जाऊन तयार झालेला पदार्थ. बाकी सारी मिश्रणे. येथे नातीने जी शंका काढली, ती मला फार मोलाची वाटली. ती म्हणाली, "आजोबा, पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन आहेत, तरी ते शुद्ध. पितळेत तांबं आणि जस्त असे दोनच आहेत, तरी ते मिश्रण. असं का?"

उत्तर प्रमाणात आहे. पाणी हिमालयातील बर्फाचे असो वा प्रयोगशाळेत तयार केलेले असो, त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण एकास आठ असेच असते. ते कोणालाही बदलता येत नाही. प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला स्थिर प्रमाणाचा नियम तो हाच. शिवाय घटकांचे मूळ गुण संयुगात उरत नाहीत. हायड्रोजन स्वतः पेट घेतो, ऑक्सिजन जळण्यास मदत करतो, आणि त्या दोघांपासून झालेले पाणी मात्र आग विझवते. पितळेचे तसे नाही. त्यात जस्त किती घालायचे हे ओतकाम करणाऱ्याच्या हाती असते. जस्त वाढवले की रंग फिकट होतो, कमी केले की तांबूस होतो, पण दोन्ही वेळा आपण त्याला पितळच म्हणतो. जेथे प्रमाण बदलण्याची मुभा आहे तेथे मिश्रण. जेथे ती मुभाच नाही तेथे संयुग. इतके समजले की अर्धा गृहपाठ झाला.

आता तुपाचा निवाडा. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. शुद्ध पदार्थ एका ठरावीक तापमानाला वितळतो. पातेल्यात शुद्ध पाण्याचा बर्फ ठेवला तर शेवटचा खडा विरघळेपर्यंत तापमान शून्य अंशांवर थांबून राहते. थंडीत थिजलेल्या तुपाचे तसे होत नाही. ते आधी मऊ पडते, मग कडेने सुटू लागते, काही भाग पातळ आणि काही रवाळ असे बराच वेळ राहते. कारण तुपात एक नव्हे, अनेक प्रकारच्या स्निग्ध पदार्थांचे रेणू असतात आणि प्रत्येकाची वितळण्याची पायरी निराळी असते. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने तूप मिश्रणच ठरते. मात्र हे मिश्रण गाईच्या वा म्हशीच्या दुधातच तयार झालेले आहे. त्यात आजीने काही मिसळले, असा त्या शब्दाचा अर्थ होत नाही.

पुढची यादी करताना आम्ही तिघेही चकित होत गेलो. दूध मिश्रण निघाले : पाणी, स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार यांचे. गूळ मिश्रण, पण साखर मात्र जवळजवळ संपूर्ण शुद्ध, कारण तिचा कण न् कण सुक्रोज या एकाच संयुगाचा. तुरटीचा स्वच्छ खडा शुद्ध पदार्थात गेला. त्यात पोटॅशियम, ॲल्युमिनियम, गंधक, ऑक्सिजन आणि हायड्रोजन अशी पाच मूलद्रव्ये आहेत, पण त्यांचे प्रमाण बांधलेले आहे. खाण्याचा सोडा शुद्ध, तर बेकिंग पावडर मिश्रण. आजीने गूळ उचलून म्हटले, "म्हणजे तुमच्या शास्त्रात साखर शुद्ध आणि गूळ अशुद्ध?" मी म्हणालो, "शास्त्र गुळाला नावं ठेवत नाही. तो एकाहून अधिक पदार्थांचा आहे, एवढंच सांगतं. खावं काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही."

पाण्याच्या बाबतीत हा भेद आपल्या घरांत विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आपण पाणी गाळून घेतो, अनेक घरांत उकळूनही घेतो. गाळण्याने त्यातील सूक्ष्म जीव व कचरा वेगळा होतो. उकळण्याने रोगजंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेले बरेचसे क्षार या दोन्ही क्रियांनी जात नाहीत. उलट उकळताना वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. पाणी गाळण्यामागे आपल्या पूर्वजांचा हेतू जीवदयेचा होता, आणि तो हेतू त्या क्रियेने साधतो. त्याला रसायनशास्त्राची मोहोर लावण्याची आवश्यकता नाही. रसायनशास्त्राच्या व्याख्येला सर्वांत जवळचे पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावयाचे डिस्टिल्ड वॉटर, आणि ते काही आपण पाहुण्यांपुढे ठेवत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या पेयजल मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले एकूण घन पदार्थ ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे स्वीकार्य आहे. म्हणजे पिण्यास योग्य पाणी हेही मिश्रणच आहे, आणि तसे असण्यात काही वावगे नाही. आपल्याच तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी-अकलोलीची उन्हाळी आहेत. भूगर्भातील क्षार घेऊन वर येणारे ते पाणी भाविकांना पवित्र वाटते. रसायनशास्त्राच्या वहीत ते मिश्रणाच्या रकान्यात जाईल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, कारण दोघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत.

आता माझी चूक सांगतो. १९९१-९२ च्या सुमाराची गोष्ट. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका जॉबरची पत्नी सोनेतारण कर्जासाठी आमच्या शाखेत आली होती. मुलाला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला होता आणि फी भरण्यास तीन दिवस उरले होते. रुमालाच्या गाठीतून तिने दोन पाटल्या काढल्या. वजन भरले चाळीस ग्रॅम. मूल्यांकनासाठी येणाऱ्या वृद्ध सराफांनी पाटली कसोटीच्या दगडावर घासली, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला, शेजारी माहितीच्या कसाची रेघ ओढून ताडून पाहिली आणि कागदावर आकडा लिहिला : अठरा. मी तो कागद पाहिला आणि काउंटरच्या अलीकडून, रांगेतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, तुमचं सोनं शुद्ध नाही."

तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती म्हणाली, "साहेब, माझ्या आईनं दिल्यात या. तिनं जन्मात कुणाला फसवलं नाही." मी पुढे काही बोलण्याआधीच तिने पाटल्या पुन्हा रुमालात बांधल्या आणि ती निघून गेली. मी पुढच्या ग्राहकाला हाक मारली.

सायंकाळी सराफ आपली पेटी आवरताना हळूच म्हणाले, "साहेब, त्या बाईंचं सोनं खोटं नव्हतं. कमी होतं. खोटं आणि कमी यांत फरक असतो." मग त्यांनीच हिशेब सांगितला. चोवीस भागांत अठरा भाग सोने; म्हणजे चाळीस ग्रॅमच्या पाटल्यांत तीस ग्रॅम खरे सोने. नियमाप्रमाणे त्या तीस ग्रॅमवर कर्ज देता येत होते, आणि तिला हवी होती ती रक्कम त्यात सहज बसत होती. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाला हा तिसरी-चौथीचा हिशेब सुचला नव्हता, कारण आकडा समोर असताना मी विशेषण वापरले होते. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. त्या सायंकाळी माझ्या बाबतीत ते अक्षरशः घडले.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला तिच्या पत्त्यावर पाठवले. तोवर तिने पाटल्या एका सावकाराकडे ठेवल्या होत्या. व्याज आमच्या दराच्या कितीतरी पट होते. मुलाची फी भरली गेली, पण त्या पाटल्या सुटल्या की नाही, हे मला कधीच कळले नाही. ती पुन्हा आमच्या शाखेत आली नाही.

त्या दिवसापासून मी काउंटरवर 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द वापरणे सोडले. मी म्हणू लागलो, "यात चोवीसपैकी इतके भाग सोनं आहे आणि त्यावर इतकं कर्ज मिळेल." ग्राहकाला त्यात अपमान वाटत नसे. आकडा कोणाच्या आईविषयी काही बोलत नाही.

खरे पाहता दागिन्याच्या सोन्यात दुसरा धातू असतो, तो बहुधा गरजेने घातलेला असतो. निव्वळ सोने इतके मऊ असते की त्याची बांगडी रोजच्या वापरात टिकणार नाही. म्हणून त्यात तांबे वा चांदी मिसळतात. बावीस कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, अठरा कॅरट म्हणजे ७५० भाग. रसायनशास्त्राच्या भाषेत ही दोन्ही मिश्रणेच आहेत. आपल्या भाषेत ज्याला 'बावनकशी' म्हणून गौरवतो, त्याचा दागिना घडवायचा तरी त्यात काही मिसळावेच लागते. अठरा कॅरटची पाटली अठरा म्हणून विकली तर तो चोख व्यवहार आहे. तीच बावीस म्हणून विकली तर ती फसवणूक आहे. धातू दोन्ही वेळा तोच. बदलतो तो फक्त पावतीवरचा शब्द. त्या माउलीच्या आईला कोणी तरी पावतीवरच फसवले असावे, आणि त्या फसवणुकीचा डाग चार लोकांसमोर मी तिच्या पदरात टाकला.

मिश्रण आणि भेसळ यांतील सीमारेषा येथे आहे. मिश्रण हे वस्तूचे वर्णन आहे. भेसळ हे माणसाचे वर्तन आहे. आयोडीनयुक्त मिठात आयोडीनचे संयुग मुद्दाम मिसळतात, कारण त्याने गलगंडासारखे विकार टळतात, आणि पुडीवर ते छापलेले असते. ती भेसळ नव्हे. दूध मुळातच मिश्रण आहे, पण त्यात गुपचूप ओतलेले पाणी ही भेसळ आहे, मग ते पाणी कितीही शुद्ध असो! २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदाही दुधाकडे एकाच रेणूची अपेक्षा करत नाही. त्यात स्निग्धांश किती आणि इतर घन पदार्थ किती असावेत याचे मानक ठरवतो आणि माल त्याला उतरतो का, एवढेच पाहतो.

आपल्या भिवंडीला हे कापडावरून चटकन कळेल. कर्जाच्या तारणातील सुताचे साठे तपासायला मी अनेकदा कारखान्यांत व गोदामांत जात असे. पॉलिएस्टर ६७ टक्के व सूत ३३ टक्के अशा प्रमाणाचे मिश्र धागे राजरोस विकले जात, पेटीवर तसे लिहिलेले असे आणि कापडही त्याच भावाने जाई. त्यात काहीच गैर नव्हते. गैर तेव्हा होई, जेव्हा तेच कापड 'प्युअर कॉटन' म्हणून ग्राहकाच्या माथी मारले जाई. अनुभवी व्यापारी एक धागा ओढून काडीने पेटवत. सुती धागा कागदासारखा जळून हलकी राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. आणि गंमत अशी की मागावरून उतरलेल्या अस्सल सुती कोऱ्या कापडातही सायझिंगच्या वेळी चढवलेली खळ असतेच. म्हणजे तेही रसायनशास्त्राच्या अर्थाने शुद्ध नाही, पण त्यात कोणाची फसवणूकही नाही, कारण खळ असते हे घेणारा आणि देणारा दोघेही जाणतात.

नातीने शेवटी विचारले, "मग शंभर टक्के शुद्ध असं काही असतंच का?" व्यवहारात नसते, असेच म्हणावे लागेल. प्रयोगशाळेत वापरायच्या रसायनाच्या बाटलीवर ९९.५ किंवा ९९.९ असा आकडा असतो आणि उरलेल्या अंशात काय काय जास्तीत जास्त किती असू शकेल, याची यादीही असते. संगणकाच्या चिपसाठी लागणारे सिलिकॉन नऊ नऊंपर्यंत शुद्ध करतात, म्हणजे शंभर कोटी अणूंत परका अणू एखादाच. तरीही तो एक असतो. चोवीस कॅरटच्या सोन्यावरदेखील ९९५ किंवा ९९९ हाच आकडा असतो, १००० नव्हे. जो जितका अधिक शुद्ध करतो, तो उरलेल्या अंशाची नोंद तितकीच अधिक काळजीने करतो, ही गोष्ट मला हिशेबाचा माणूस म्हणून फार भावली. शिल्लक फरक लपवणारा ताळेबंद सुंदर दिसतो. दाखवणारा विश्वासार्ह असतो.

वाचकांच्या उपयोगाचे दोन शब्द. सोन्याचे दागिने घेताना दुकानदार 'एकदम शुद्ध' म्हणाला तर नम्रपणे आकडा विचारा. आज हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, कॅरट व हजारातील प्रमाण (उदाहरणार्थ २२के ९१६), आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक. हॉलमार्क लागू असलेले दागिने या क्रमांकाविना विकण्यास दुकानदारांना १ एप्रिल २०२३ पासून मनाई आहे. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक घालून दागिन्याची नोंद पाहता येते. घरातील जुने, हॉलमार्क नसलेले दागिने बाळगण्यास कोणतीही अडचण नाही; ते मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात शुल्क भरून तपासून घेता येतात. आणि आईच्या किंवा आजीच्या दागिन्याचा आकडा कमी निघाला तर मनाला लावून घेऊ नका. तो आकडा धातूचा आहे, देणारीच्या मनाचा नाही.

आमच्या घरातील अबोला तिसऱ्या दिवशी संपला. वहीत 'तूप : मिश्रण' ही ओळ कायम राहिली, कारण ती बरोबर होती. मात्र आजीच्या आग्रहाखातर नातीने तिच्यापुढे कंसात दोन शब्द वाढवले : 'भेसळ नाही'. वही तपासून परत आली तेव्हा बाईंनी दोन्हींवर बरोबरची खूण केली होती.

मी ती खूण पाहिली आणि मला त्या पाटल्या आठवल्या. तेव्हा मलाही असेच दोन शब्द वाढवता आले असते.